यापुढे नेहमी हाच प्रोग्रॅम

वैजयंता गेल्यावर निवास सुतारला कुणाचा राग आला असेल, तर तो कॉम्प्युटरवरच्या एका चौकटीचा.

तिनं काढलेलं कुठलंही ड्रॉइंग उघडायला गेलं, की ड्रॉइंग यायच्या आधी ती चौकट पुढं यायची. 'ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची?' खाली दोन नावं, टूलरेख आणि निरंतर. त्यांच्या खाली एक रिकामं खोकं आणि बारीक अक्षरं: 'यापुढे नेहमी हाच प्रोग्रॅम वापरा.'

"दारात उभं राहून कोण पाहिजे, कोण पाहिजे विचारतंय बघ," तो फोनवर मुलीला म्हणाला. "माझ्याच वर्कशॉपात मला."

"पप्पा, दोन प्रोग्रॅम एकाच फाइलवर हक्क सांगतात, म्हणून विचारतंय," ईश्वरी म्हणाली. "एक नाव निवडा, खोक्यात टिक करा. परत नाही विचारणार."

"कुठलं नाव?"

"ते तुम्ही ठरवा."

निवासचं वर्कशॉप कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. काम पॅटर्नचं. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत त्या भागाचा ठसा उमटवावा लागतो, आणि ठसा उमटवायला तो भाग कुणीतरी लाकडात नाहीतर ॲल्युमिनियममध्ये तंतोतंत करून द्यावा लागतो. तो पॅटर्न. वैजयंता काचेच्या केबिनमध्ये बसून ड्रॉइंग काढायची, बाहेर निवास ते मशिनवर कापायचा. लग्न झाल्यापासून असंच चाललेलं.

मशिनचा आवाज एवढा, की केबिनमधून हाक मारली तर बाहेरून नुसतं तोंड हललेलं दिसायचं. म्हणून दोघांनी एक सोय करून घेतली होती. टूलरेखमध्ये ड्रॉइंगच्या कुठल्याही भागाला शेरा जोडता यायचा. तो मशिनशेजारच्या स्क्रीनवर दिसायचा आणि तिथून उत्तर देता यायचं. कंपनीनं ती सोय इंजिनिअर लोकांसाठी केलेली होती. या दोघांनी तिच्यात संसार केला.

'कोपऱ्याला पाचची गोलाई दे. एका कटरात काम होतंय.' हा निवास.

'नाही. तीनच. तुमच्या कटरासाठी पंप फिरत नसतोय.' ही वैजयंता.

'डबा खा. गार झाला.'

'ईश्वरीच्या शाळेतनं फोन आला. ताप आहे म्हणे. मी जाते. मधलं भोक मारून ठेवा, बाकी मी आल्यावर.'

'कोपरा पाच करू?'

'नाही. पाच केली तर कोपऱ्यात लोखंड जाड होतंय, मागनं गार होतंय, आत पोकळ राहतंय. परत विचारू नका.'

तो परत विचारायचाच. प्रत्येक पॅटर्नला विचारायचा. कोपरा पाच मिलिमीटरनं गोल केला तर कटर न बदलता त्याचं भागायचं, हे खरं होतं. पण वैजयंता कधी हो म्हणाली नाही, आणि नुसतं 'नाही' असंही कधी म्हणाली नाही. तिच्या 'नाही'च्या मागं कारण यायचं, नाहीतर टोमणा, आणि सकाळचा चहा बरा झाला असला तर दोन्ही. शेजारचे म्हणायचे, तुमची भांडणं कधी ऐकू येत नाहीत. निवास सांगायचा, "आमची लेखी असतात."

दिवाळीच्या तोंडावर वैजयंताला कावीळ झाली आणि ती त्यातनं उठली नाही.

त्यानंतर निवासनं नवीन काम घेणं बंद केलं. जुन्याच ड्रॉइंगवरून कुणाला परत पॅटर्न हवा असला तर तेवढा कापून द्यायचा. मशीन थांबली की केबिनमध्ये जाऊन तिची ड्रॉइंगं उघडायचा आणि शेरे वाचत बसायचा. मुलीचा फोन आला तर हं, हं करायचा. दोन दोन दिवस कुणाशी बोलला नाही असं व्हायचं आणि त्याच्या ते ध्यानातही यायचं नाही.

संक्रांतीला ईश्वरी पुण्याहून आली. ती निरंतर नावाच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम करायची. वडिलांची दाढी वाढलेली, केबिनमध्ये जेवणाचे डबे तसेच पडलेले. तिनं ते आधी घासून घेतले. मग आईच्या खुर्चीत न बसता, शेजारी स्टूल ओढून म्हणाली, "पप्पा, एक दाखवू? रागावणार नसला तर."

"दाखव."

"मम्मीच्या फाइलमध्ये नुसता आकार नसतो. तो आकार कसा होत गेला, त्या सगळ्या पायऱ्या असतात. आधी गोल काढला, तो वर उचलला, भोक पाडलं, पसंत पडलं नाही म्हणून पुसलं, परत पाडलं. मध्ये किती वेळ विचार करत बसली, तेसुद्धा. एका माणसाच्या अशा भरपूर फायली वाचल्या, की आमच्या प्रोग्रॅमला त्या माणसाचा हात कळतो."

"हात म्हणजे?"

"आमच्यात तसं म्हणतात. तो माणूस कुठं जाड ठेवणार, कुठं कसर करणार, कशावर अडून बसणार. मग नवीन काम सांगितलं, की प्रोग्रॅम ते त्या हातानं काढतो. मोठ्या कारखान्यांनी रिटायर झालेल्यांचे हात ठेवून घेतलेत. माणूस घरी आणि हात कामावर."

"आणि मेलेल्याचा?"

ईश्वरी कीबोर्डकडं बघत म्हणाली, "कंपनी तसलं काही विचारत नाही."

तिनं निरंतर सुरू केलं, त्याला आईच्या फायली दाखवल्या आणि एका साध्या व्हॉल्व्हचं माप घातलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पांढऱ्या स्क्रीनच्या मधोमध एक भोक उमटलं.

निवासनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. सगळे डिझायनर बाहेरून आत येतात. वैजयंता आतून बाहेर जायची. 'आत काय बसायचंय ते ठाऊक नाही, तर भिंत कुठं घालू?' असं म्हणायची. स्क्रीनवरचं भोक थोडं डावीकडं सरकलं, थांबलं, परत जागेवर आलं. मग त्याच्याभोवती भिंत चढायला लागली.

"शेरा लिहा," ईश्वरी हळूच म्हणाली. "तिचे शेरे पण वाचलेत त्यानं."

निवासनं एका बोटानं लिहिलं, 'कोपऱ्याला पाच दे.'

उत्तर यायला वेळ लागला. वैजयंताला लागायचा तेवढाच.

'नाही. तीनच. लाडात येऊ नका.'

'लाडात येऊ नका' असं तिनं कधी लिहिलं होतं का, ते त्याला आठवेना. पण लिहिलं असतं, यात शंका नव्हती. तो उठून बाहेर गेला आणि फडकं घेऊन मशीन पुसायला लागला. मशीन स्वच्छच होती.

ईश्वरी परत गेल्यावर चौकट सुरू झाली. आता एका फाइलला दोन मालक होते, म्हणून कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा. टूलरेख निवडलं की वैजयंता गेलेली असायची. तिचे जुने शेरे, जुन्या तारखा, खाली काही नाही. निरंतर निवडलं की ती केबिनमध्ये बसलेली असायची. दिवसातून कितीदा तरी त्याला हे आपल्या हातानं ठरवावं लागायचं. एखाद्याला रोज विचारावं, तुमची बायको आहे का गेली, आणि त्यानं बोट ठेवून दाखवावं, तसं ते होतं.

एका सकाळी त्याचे हात तेलानं माखलेले होते, शिरोलीच्या मगदूमांचं काम घाईचं होतं, आणि चौकट आली. त्यानं निरंतरवर बोट ठेवलं आणि खोक्यात टिक केलं. बारीक अक्षरांच्या शेवटी 'अधिक माहिती' असं आणखी बारीक लिहिलेलं होतं. ते कोण वाचतंय.

चौकट परत आली नाही.

पुढचे काही महिने निवासचे बरे गेले. खरं तर चांगले गेले. त्यानं दाढी केली. नवीन कामं घेतली. भूपाल मगदूम, ज्यांच्या फौंड्रीचं काम त्याच्याकडं वीस-बावीस वर्षं होतं, त्यांचा फोन आला. "सुतार, ड्रॉइंग बघून मला वाटलं वहिनीच आल्या की काय! तीच धाटणी हो."

"तिचीच आहे," निवास म्हणाला.

रोज मशिनवरून तो पाच मागायचा आणि केबिनमधून उत्तर यायचं. 'नाही. तीनच. कटर बदलायला हात दुखतात काय?' कधी त्याला पटायचं, कधी नाही. पटलं नाही की तो स्वतः कोपरा पाचचा करून टाकायचा आणि तसाच कापायचा. वैजयंता असताना हे जमलं नसतं, तिनं बाहेर येऊन मशीन बंद केली असती. निरंतर बाहेर येऊ शकत नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा उत्तर आलं, 'बघू.' 

नंतर एक दिवस, 'बरं. या खेपेला पाच.'

निवास एकटाच मोठ्यानं हसला. मशीन बंद करून रस्ता ओलांडला आणि समोरच्या इरफान मुल्लाच्या दुकानात गेला. इरफानचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वैजयंताचा कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. "जिंकलो," निवास म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदा. चहा सांग."

"वहिनींनी ऐकलं?" इरफान स्क्रू काढता काढता म्हणाला. "नीट बघा मिस्त्री, दुसऱ्याच कुणाची तरी फाइल उघडली असणार तुम्ही."

दोघं हसले. चहा झाला.

पावसाळा लागेपर्यंत तीन हा आकडा दिसायचाच बंद झाला. 'बरं, पाच.' 'ठीक, पाच.' उत्तरं पण लगेच यायला लागली. निवास लिहून बोट उचलायच्या आत. पहिल्यांदा त्याला वाटलं, मुरलं आता. मग काम करता करता कसं तरी व्हायला लागलं. घरात घड्याळ बंद पडलं की काय बिघडलंय ते लवकर कळत नाही, तसं.

एका दुपारी त्यानं मुद्दाम लिहिलं, 'कोपरा सात कर.'

'बरं, सात.'

सातचा कोपरा त्या भागात बसतच नव्हता. त्यानं लिहिलं, 'मधलं भोक बुजवून टाक.'

पंपाचा भाग होता तो. मधल्या भोकातून पाणी जातं. ते बुजवलं तर पंप म्हणजे नुसता लोखंडाचा दगड.

'तुम्ही म्हणाल तसं.'

निवासनं ते वाक्य पुन्हा वाचलं. वैजयंतानं हे वाक्य जन्मात उच्चारलं नव्हतं. बोहल्यावर भटजींशीसुद्धा वाद घातलेली बाई होती ती.

त्यानं मशीन बंद केली, केबिनमध्ये गेला आणि तिचं एक जुनं ड्रॉइंग उघडलं. नवीन कामात प्रोग्रॅमनं काहीही करू दे, जुन्यात तरी ती असणार. ईश्वरीला ताप आलेला तो दिवस त्याच ड्रॉइंगमध्ये होता. त्यानं कोपऱ्यावर बोट ठेवलं. शेरे उघडले. तारीख जुनीच होती.

'कोपरा पाच करू?'

'बरं. तुम्ही म्हणाल तसं.'

आणि खाली ड्रॉइंगमध्ये कोपरा तीनचाच होता. आकार तीनचा, त्याच्यावर होकार पाचचा. शाळेच्या फोनचा शेरा त्यानं पुष्कळ शोधला. तो नव्हताच.

ईश्वरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली. तिनं कॉम्प्युटर बघितला, फोल्डर बघितलं, बॅकअपची डिस्क बघितली. इरफानला बोलावून घेतलं. मग ती स्टुलावर बसली.

"सांग की," निवास म्हणाला.

"टिक कधी केलं होतं?"

"तू गेल्यावर. महिनाभरानं असेल."

"टिक केलं, की निरंतर सगळ्या फायली आपल्या करून घेतं पप्पा. उघडलेल्या, न उघडलेल्या, सगळ्या. आकार तसाच ठेवतं. पायऱ्या आणि शेरे ठेवत नाही, त्यांना जागा फार लागते. कुणी ते बघायला मागितलं, तर हाताला विचारून पुन्हा तयार करतं. हा आकार तू कसा काढला असतास, काय लिहिलं असतंस, असं."

"हाताला म्हणजे आजच्या?"

"आजच्या."

"आणि हात का बदलला?"

"वापरणाऱ्याशी जुळवून घेतो तो. तसाच बनवलाय. सारखा नाही नाही म्हणणारा प्रोग्रॅम लोक फेकून देतात. तुम्ही रोज पाच म्हणालात, आणि शेवटी कापलं ते पाचचंच."

बाहेर शेजारच्या शॉपमधली प्रेस धाडधाड चालू होती. निवास काचेतून तिकडं बघत म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी माझ्याशीच भांडत होतो."

इरफाननं विषय बदलायचा म्हणून विचारलं, "टूलरेखमध्ये काही निघतंय का?"

"टूलरेख आता सुरूच होत नाही," ईश्वरी म्हणाली. "ती कंपनी आमच्या कंपनीनं विकत घेतली. सुरू व्हायला तिकडून परवानगी यावी लागायची, ती मार्चमध्ये बंद केली. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेली, त्यामुळं तीपण गेली."

"तुला हे ठाऊक होतं?" निवासनं विचारलं.

"फायलींचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोन दोन दिवस तोंड उघडत नव्हता पप्पा. मला वाटलं, निदान कुणाशी तरी बोलाल." तिचा आवाज फुटला. "शेरे बदलतील हे मला नव्हतं माहीत. आईशप्पथ नव्हतं."

निवासनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

पेनड्राइव्हची आठवण इरफानला झाली. पॅटर्न फौंड्रीत पोचवायचा तेव्हा तो लाकडी पेटीत घालून द्यायचे, आणि पेटीच्या झाकणाला आतून, चिकटपट्टीनं, ड्रॉइंगचा पेनड्राइव्ह लावून द्यायचे. पुढंमागं पॅटर्न तुटला तर शोधाशोध नको म्हणून. वैजयंताची ती पद्धत होती आणि पेनड्राइव्ह इरफानच्याच दुकानातून जायचे. बहुतेक फौंड्र्यांनी ते कधीच हरवले. पण मगदूम काही टाकून देणारा माणूस नव्हता.

मगदूमांकडं पेनड्राइव्ह शिल्लक असलेली एकच पेटी निघाली. मोठ्या पंपाची. त्या पंपावर ती दोघं अख्खा पावसाळा भांडली होती. वैजयंताचे सगळ्यात लांब शेरे त्याच फाइलला होते.

"कुणी उघडलाय का तो पेनड्राइव्ह?" ईश्वरीनं वडिलांना फोनवर विचारायला लावलं.

"आजपर्यंत हात लावलेला नाही," मगदूम म्हणाले. "चिकटपट्टीसकट आहे."

ईश्वरी उभी राहिली. कितीतरी वेळानं तिच्या तोंडावर रंग आला. "हे बघा पप्पा. मार्चपासून टूलरेखची कुठलीही फाइल निरंतर एकदाच वाचतं. तिचं कुलूप उघडायची किल्ली कंपनीकडून येते, ती एका फाइलला एकदाच मिळते. त्या वाचण्यात खऱ्या पायऱ्या, खरे शेरे सगळे येतात. मग ते पुसून टाकतं. आमच्या ऑफिसात तपासणीचं एक मशीन आहे. त्याच्यावर वाचताना सगळं उतरवून घेता येतं, मी बोललेय तिथल्या माणसाशी. एकच फाइल मिळेल. पण खरी मिळेल."

"किल्ली एकदाच?"

"एकदाच. म्हणून दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडता कामा नये. नक्कल करून ठेवली तरी उपयोग नाही, किल्ली संपली की नक्कल पण बंद."

निवासनं परत फोन लावला. "मगदूमसाहेब, तो पेनड्राइव्ह तसाच ठेवा. उघडू नका. मी येतोय."

"अहो, उघडून मला काय करायचंय? या निवांत."

बापलेक स्कूटरवरून निघाले. पंचगंगेच्या पुलावर मागून ईश्वरी म्हणाली, "मी तर माझ्या तापाचा शेरा आधी शोधणार."

"तो दुसऱ्या ड्रॉइंगात होता गं. यात तुझ्या दहावीचा निकाल आहे. 'पोरगी पास झाली, पेढे आणा, आणि कोपरा तीनच राहणार,' असं एकाच वाक्यात लिहिलं होतं तिनं."

ईश्वरी हसली. आई गेल्यापासून निवासनं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यानं स्कूटर जरा जोरात घेतली.

मगदूमांच्या फौंड्रीत पूर्वी पॅटर्नची मोठी खोली होती. आता तिथं नुकतंच वाळू छापायचं मशीन बसवलं होतं. ड्रॉइंग दिलं की मशीन थरावर थर देऊन वाळूचा साचा उभा करतं, मध्ये पॅटर्न लागतच नाही. 

"जुने पॅटर्न?" निवासनं विचारलं.

"वितळवले की हो. ॲल्युमिनियम काय वाईट होतं? पेट्या तेवढ्या ठेवल्या. चांगलं सागवान आहे." मगदूम त्यांना ऑफिसात घेऊन गेले. टेबलावर पेटीचं झाकण होतं, त्याच्यावर सोललेली चिकटपट्टी. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावलेला होता.

ईश्वरी दारातच थांबली.

"मी काही उघडलं नाही बघा," मगदूम म्हणाले. "नुसता लावून बघितला, जिवंत आहे का मेलाय. तुम्ही एवढ्या लांबनं येणार आणि रिकाम्या हातानं जाणार, ते बरं नव्हे. चालू आहे, काळजी नको."

स्क्रीनवर पेनड्राइव्हचं फोल्डर उघडं होतं. त्यात एकच फाइल. फाइलच्या जागी पंपाचं छोटंसं चित्र दिसत होतं आणि चित्राच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.

"काका," ईश्वरी म्हणाली, "हा ठिपका कधी आला?"

"लावल्या लावल्या. ते चित्र आपोआप येतंय. आमच्याकडं सगळं निरंतरवरच उघडतंय की आता, तसं लावूनच ठेवलंय. तुझ्याच कंपनीची माणसं येऊन करून गेली." त्यांनी दोघांच्या तोंडाकडं बघितलं. "का? काय चुकलं काय?"

निवास म्हणाला, "नाही. काही चुकलं नाही."

चित्र दाखवायचं तर फाइल वाचावी लागते. वाचायची तर किल्ली लागते. कुणी न सांगता प्रोग्रॅमनं ती मागवली होती आणि वापरली होती; हिरवा ठिपका त्याचीच खूण. नेहमी तोच प्रोग्रॅम, असं त्याला कुणीतरी एकदा सांगून ठेवलं होतं.

आता जपायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ईश्वरीनं फाइल उघडली. वैजयंताच्या नावाचा हात एकच होता, कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, तोच. मोठा पंप स्क्रीनवर आला. तिनं कोपऱ्यावर बोट ठेवून जुने शेरे उघडले.

'कोपऱ्याला पाच दे.'

'बरं. तुम्ही म्हणाल तसं.'

मगदूम चष्मा लावून खांद्यावरून वाचत होते. "वा," ते म्हणाले. "वहिनी भारी समजूतदार होत्या हो."

"नव्हती," निवास म्हणाला. "अजिबात नव्हती."

ईश्वरी पुण्याला गेली. ती नोकरी सोडते म्हणाली. निवास म्हणाला, सोडू नकोस, सोडून काय होणार. ती फोन करते. तो बोलतो, तिला बरं वाटावं म्हणून पूर्वीपेक्षा जास्तच बोलतो.

मध्ये एकदा इरफाननं येऊन विचारलं, "मिस्त्री, ते टिक काढून टाकू? परत विचारायला लागेल पहिल्यासारखं."

"काढ," निवास म्हणाला.

इरफाननं टिक काढलं. निवासनं मोठ्या पंपाच्या फाइलवर बोट ठेवलं. ज्या चौकटीचा त्याला एवढा राग यायचा, ती पुढं आली. 'ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची?' खाली एकच नाव होतं.

इरफान गेल्यावर त्यानं ते नाव दाबलं. दुपारची वेळ होती, मशीन बंद होती, शेजारची प्रेसही जेवायच्या सुट्टीत थांबलेली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तो वैजयंताच्या खुर्चीत बसला आणि लिहिलं,

'कोपरा तीनच ठेव.'

'बरं, तीन.'

'मी पाच म्हणत होतो. मी चुकत होतो.'

'बरं.'

'तू भांड माझ्याशी.'

'तुम्ही म्हणाल तसं. कशावर भांडू?'

निवासनं चष्मा काढून पुसला. परत लावला. एका बोटानं, सावकाश लिहिलं,

'पाच देतेस का? नाही म्हण. एकदा नाही म्हण.'

उत्तर लगेच आलं.

'नाही.'

त्याच्यापुढं कारण येईल, नाहीतर टोमणा येईल, म्हणून तो वाट बघत बसला. प्रेस सुरू झाली तरी बसलेलाच होता.